नांवांत सांठविलेलें ज्ञान

पक्ष्यांचीं खरीं नांवें तेवढीं शास्त्रीय ग्रंथांत असतात, लोकांच्या तोंडचीं नांवें म्हणजे केवळ व्यवहाराची सोय, अशी पुष्कळ सुशिक्षितांची समजूत असते. ही समजूत किती उथळ आहे, हें मेक्सिको देशांतील नाहुआट्ल भाषेवरून स्पष्ट दिसतें.

ही अझटेक लोकांची भाषा. आपल्या नित्याच्या जेवणांतील ‘टोमॅटो’ हा शब्दहि मूळचा हिचाच. हींत पक्ष्याला ‘तोतोत्ल’ म्हणतात. पिवळा पक्षी तो ‘कोस्तोतोत्ल’. पिरोजासारखा निळा तो ‘शिऊतोतोत्ल’. ‘कुइत्लाकोचिन’ हें नांव तर त्या पक्ष्याच्या गाण्यावरूनच पडलें, असें ते लोक सांगत. परंतु सर्वांत मार्मिक नांव इतर पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल करणाऱ्या एका गायक पक्ष्याचें. त्याला ते ‘चारशें शब्दांचा धनी’ अशा अर्थाच्या नांवानें ओळखीत. त्यांची गणना विसांनीं चाले. वीस विसा म्हणजे ‘सेन्त्सोन्त्ली’, आणि ‘अगणित’ या अर्थींहि तोच शब्द. मेक्सिकोंत आजहि हा पक्षी ‘सेन्सोन्त्ले’ म्हणूनच ओळखला जातो. पुढें १७५८ सालीं लिनीअस या शास्त्रज्ञानें त्याला ‘बहुभाषी’ अशा अर्थाचें नांव दिलें. शास्त्रानें जें हेरलें, तें लोकांच्या कानांनीं आधींच टिपलें होतें!

हीं नांवें आपणांस कळलीं कशीं? १५२९ सालीं मेक्सिकोंत आलेल्या बर्नार्दिनो दे साआगून या पाद्रीसाहेबांनीं जाणत्या वृद्धांस प्रश्न विचारले, आणि नाहुआ तरुणांच्या साह्यानें बारा भागांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या अकराव्या भागांत पशुपक्ष्यांचें वर्णन आहे. एका रकान्यांत नाहुआट्ल, तर दुसऱ्यांत स्पॅनिश. त्याच शतकांत त्या लोकांच्या जुन्या चित्रपोथ्या जाळणारेहि होते. जाळणाऱ्यांच्या हातीं राख उरली. विचारणाऱ्याच्या हातीं विद्या आली.

नाहुआट्ल बोलणारे आजहि पंधरा लाखांहून अधिक आहेत. तथापि भाषा जिवंत असली तरी मुलांनीं विचारणें सोडलें कीं एकेक नांव विस्मृतींत जातें, आणि त्याबरोबर पिढ्यांचें निरीक्षणहि लोपतें. लॅटिन नांव पाठ करणें चांगलेंच. पण तें आजीच्या तोंडच्या नांवाची जागा घेऊं शकत नाहीं. म्हणून, विद्यार्थी मित्रहो, अंगणांत बोलणाऱ्या पक्ष्याचें नांव आधीं घरांतील वडील माणसांस विचारा; आणि पालकांनींहि तें सांगावयास कंटाळूं नये.