एअर जॉर्डन वन : आक्षेपांची तपासणी

नायकी कंपनीने १९८५ साली बाजारात आणलेला, पीटर मूर यांनी रेखाटलेला ‘एअर जॉर्डन वन’ हा बास्केटबॉलचा बूट १९९४ पासून वेळोवेळी नव्याने काढला जातो. मूळ घडण राखून पुन्हा काढलेल्या अशा बुटांना ‘रेट्रो’ म्हणतात. विरोधकांचा पूर्वपक्ष असा की, हा बूट कालबाह्य आहे, पायाला अपायकारक आहे आणि निव्वळ बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन यांच्या नावावर खपतो.

१९८५ च्या ऑक्टोबरात जॉर्डन यांच्या डाव्या पायाचे हाड मोडले, त्याचा ठपका काही जण या बुटावर ठेवतात. परंतु त्याच मोसमात, एप्रिल १९८६ मध्ये, त्यांनी बॉस्टनच्या संघाविरुद्ध एका सामन्यात ६३ गुण मिळवले. अपघाताचा दोष बुटाचा मानायचा तर या पराक्रमाचे श्रेयही त्यालाच द्यावे लागेल, आणि ही दोन्ही अनुमाने सारखीच लंगडी आहेत. मार्च १९९८ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डन या क्रीडागृहात हाच बूट पुन्हा घालून खेळताना त्यांचे पाय रक्ताळले, हा दाखला मात्र सहज झटकता येत नाही. टाचेखाली हवेची बंद पिशवी असली तरी चवड्याखालची गादी पातळ आहे, त्यामुळे उडीनंतरचा धक्का बराचसा पायालाच सोसावा लागतो. खेळण्यासाठी आजचे बूट निःसंशय सरस आहेत.

समर्थकांचा लाडका युक्तिवादही तितकाच कच्चा आहे. या बुटाच्या उंच गळ्यामुळे घोटा मुरगळत नाही, असे ते सांगतात. पण ६२२ महाविद्यालयीन खेळाडूंवर केलेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंच व आखूड गळ्याच्या बुटांमध्ये या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही.

या बुटाचे खरे सामर्थ्य रोजच्या वापरात दिसते. त्याचा रबरी तळ वाटीसारखा असून त्याची उभी कड वरच्या चामड्याला केवळ चिकटवलेली नसते, तर दोऱ्याने शिवलेलीही असते. कडेच्या खाचेतून धावणारे ते टाके बाहेरूनही दिसतात, आणि उसवले तर कुशल मोची ते पुन्हा घालू शकतो. फेसाच्या गादीवर उभ्या असलेल्या आधुनिक बुटाची गादी एकदा बसली की तिला इलाज नसतो. उन्हाळ्यात चामड्यात पाय घामेजतात, हा दोष खराच. तरीही वर्षानुवर्षे चालणाऱ्या घडणीपुढे तो गौण आहे.

नवा बूट खोक्यात जपून ठेवणाऱ्यांची समजूत मात्र चुकीची आहे. तळातील पॉलियुरेथेनचा फेस हवेतील ओलाव्याने हळूहळू विघटित होतो, म्हणजे न वापरताही ठिसूळ होत जातो; मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर ही भीती अधिकच, म्हणून हा बूट घेणाऱ्याने तो पायात घालावा हेच रास्त.