पानाचे चित्र आणि पानाचा पाठ

छापील पानाचे छायाचित्र म्हणजे ग्रंथ नव्हे, हे पाठचिकित्सेच्या अभ्यासकांस सांगावयास नको. तरीही जुन्या मराठी ग्रंथांच्या पानांच्या प्रतिमा एकापुढे एक लावावयाच्या, त्यांस ईपबचे वेष्टण चढवावयाचे आणि त्या गाठोड्यास ई-पुस्तक म्हणावयाचे, असा प्रघात पडत चालला आहे. तो अभ्यासास उपकारक नाही, असे आमचे मत आहे.

रायपूरच्या तेलीबांधा भागातील मराठी वाचक डोळ्यांपुढे आणावा. छत्तीसगढात मराठी अठराव्या शतकात भोसल्यांच्या अमलाबरोबर स्थिरावली. जुन्या मराठी ग्रंथांचे मोठे संग्रह मात्र नागपूर, पुणे, मुंबई येथे. याच रायपुरात १९२६ साली माधवराव सप्रे वारले. समर्थांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ (१९१५) त्यांनी हिंदीत नेले. मूळ व अनुवाद शेजारी ठेवून एखाद्या संज्ञेचा मागोवा घेऊ म्हटले, तर प्रतिमा मुकी असते. तीत शब्द शोधता येत नाही; मोबाइलच्या पडद्यावर प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे ओढावी लागते; दृष्टिहीनास तर ती कोरे पानच. खऱ्या ईपबमध्ये ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे नव्याने रचल्या जातात आणि पाठ यंत्राकडून वाचून घेता येतो.

प्रतिमेस तुच्छ लेखण्याचा मात्र येथे हेतू नाही. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ने या शतकाच्या आरंभी हजारो ग्रंथांची पाने ‘टिफ’ प्रतिमांत साठविली. २०१७ साली ते संकेतस्थळ बंद झाले, तरी त्यातील पुष्कळ ग्रंथ अन्यत्र उतरवून घेतलेले असल्यामुळे वाचले. प्रश्न आहे तो प्रतिमेवरून पाठ काढताना काय हरवते, हा.

अक्षरओळखीपूर्वी पान स्वच्छ करतात. स्वच्छ करणाऱ्या यंत्रास बारीक सुटा ठिपका म्हणजे कागदावरील डाग वाटतो. आणि जुन्या मराठीत तोच ठिपका व्याकरण असतो! ‘केलें’ हे नपुंसकलिंगी एकवचन, ‘केले’ हे पुल्लिंगी अनेकवचन. १९६२ च्या लेखननियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, हे खरे. पण ‘गीतारहस्य’ त्यापूर्वीचे आहे. ठिपका पुसण्यातून बचावला, तरी आजच्या मराठीवर शिकविलेले यंत्र तो स्वतःहून गाळण्याचा संभव असतो. टेसेरॅक्टसारखी मुक्त साधने मराठी वाचतात, ही समाधानाची बाब. परंतु ती जुने मराठी वाचतात की जुन्याचे नवे करून देतात, हे पानागणिक ताडून पाहावे लागते. अर्ध्या ‘ऱ’चीही तीच कथा. ‘आचाऱ्यांस’ बोलाविले असता ‘आचार्यांस’ झाले, तर पंक्तीस स्वयंपाक्याऐवजी शास्त्रीबुवा येऊन बसावयाचे.

म्हणून आमचा आग्रह असा की जुना पाठ यंत्राने काढला तरी तो मुळाबरहुकूम ठेवावा, शुद्धलेखन गुपचूप सुधारू नये, आणि मूळ पानाची प्रतिमा त्याच्याबरोबर असू द्यावी. ईपबमध्ये छापील पृष्ठांक नोंदण्याची सोय आहे. ती बहुधा वापरली जात नाही, आणि मग संदर्भ देणाऱ्यास पुन्हा छापील प्रत गाठावी लागते. प्रतिमांनी फाइल जड होते, हा आक्षेप रास्त आहे; पण प्रतिमा वेगळ्या ठेवून प्रत्येक पृष्ठांकापासून तेथे दुवा देता येतो.

एक अडचण तरीही शिल्लक राहते. सावरकरांच्या लिपिसुधारणेनुसार ‘अ’लाच वेलांटी आणि उकार देऊन ‘किर्लोस्कर’ मासिकाची पाने छापली जात असत. आजच्या संगणकावर ते अक्षर उमटविले तर वेलांटीखाली पुष्कळदा एक तुटक वर्तुळ उभे राहते. अक्षरओळख तेथे सरळ ‘इ’ लिहून मोकळी होईल, आणि ते पान सुधारणेच्या लिपीत छापले गेले होते याचा मागमूस पाठात उरणार नाही.