झाडांच्या दुखण्यांचीही नोंद हवी

देशातील जंगलांचा हिशेब डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७पासून साधारण दर दोन वर्षांनी मांडते. अहवाल आला की वनाच्छादन किती चौरस किलोमीटरने वाढले वा घटले, याचीच बातमी होते. उपग्रहाच्या चित्रातून वरच्या छत्राची घनता कळते, खालचे खोड पोखरले आहे का हे कळत नाही. सागाचेच घ्या. पावसाळ्याच्या तोंडावर एक अळी त्याची कोवळी पाने फस्त करते. पावसाळा सरताना दुसरी येते आणि पानाच्या शिरांची नुसती जाळी ठेवते. झाड मरत नाही, पुन्हा पालवते आणि चित्रात जंगल हिरवेच दिसते. केरळ वन संशोधन संस्थेने निलांबूरच्या लागवडीत अळीपासून राखलेल्या आणि न राखलेल्या सागाची तुलना केली, तेव्हा लाकडाची संभाव्य वाढ ४४ टक्के बुडत असल्याचे दिसले. विदर्भातील सागाला हाच आकडा लागू पडेल असे नाही; पण इथला आकडा काढायचा तर ठरावीक झाडांपाशी दरवर्षी जाऊन त्यांची इजा नोंदवावीच लागेल.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. कीड हा जंगलाचाच भाग आहे, वाळक्या खोडात सुतारपक्षी घर करतो. ‘रोगट’ झाडांची यादी झाली की कुऱ्हाडीला निमित्त मिळेल. ही भीती खोटी नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मध्य प्रदेशात मंडला भागातील सालवृक्षांवर खोडकिडा पसरला, लाखो झाडे बाधित झाली आणि तोडीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण त्याच सालाजवळ जाऊन पाहावे. खोडावर राळ ओघळलेली आहे आणि बुंध्याशी भुसा नाही, तर झाड अळीला राळेत बुडवून झुंज देत असण्याची शक्यता मोठी. भुशाचा ढीग साचला आहे आणि शेंडाही वाळला आहे, तर ते हरत चालले आहे. हा फरक कागदावर नसेल, तर दोन्ही झाडांवर एकच खूण पडते. तेव्हा झाडे वाचवायची असतील, तर नोंद हवीच.

दुसरा आक्षेप असा की नजरेचा अंदाज माणसागणिक बदलतो. बदलतोच. म्हणून युरोपात १९८५पासून चाललेल्या पाहणीत पर्णहानी पाच-पाच टक्क्यांच्या पायऱ्यांनी लिहितात, निरीक्षकांना एकत्र प्रशिक्षण देतात आणि काही झाडे दुसऱ्याकडून पुन्हा तपासून घेतात. आपल्याकडे वनरक्षक बीटवर फिरतोच; त्याला शिकवणे, वेळ देणे आणि त्याच्या नोंदीची फेरतपासणी करणे एवढा खर्च सरकारला जड नाही. मात्र युरोपचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलून चालणार नाही. आपला साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो, तेव्हा निरोगी झाडही वाळके वाटते. इथली पाहणी पाने भरात असताना, पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच व्हावी, आणि तिचे आकडे वनाच्छादनाच्या आकड्याशेजारी, जिल्हावार छापले जावेत.