चित्रातला डोंगर आणि समोरचा डोंगर

शाळेत 'निसर्गचित्र काढा' म्हटले की सारा वर्ग एकच चित्र काढतो. दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये उगवता सूर्य, खाली नदी आणि काठावर झोपडी. चित्र गोड दिसते, गुणही मिळतात. पण असा डोंगर आपल्या भागात कुणी पाहिला आहे काय? लाव्हारसाच्या आडव्या थरांनी घडलेल्या सह्याद्रीचे माथे बहुधा सपाट असतात आणि अंगावर पायऱ्यांसारखे टप्पे असतात. मराठीत टेकडी, डोंगर, कडा, सुळका असे वेगवेगळे शब्द आहेत; कानडीत गुड्ड वेगळे, बेट्ट वेगळे. भाषेला जे दिसले ते आमच्या पेन्सिलीला का दिसू नये?

थोर चित्रकारांनी डोंगर असा पाठ करून काढला नाही. फ्रान्समधील पॉल सेझान आपल्या गावाजवळच्या सँ-व्हिक्त्वार पर्वताकडे १९०६ साली मृत्यू येईपर्यंत पुन्हा पुन्हा वळत राहिला. त्या एका पर्वताची त्याने ३० हून अधिक तैलचित्रे केली. पर्वत तोच; पण ऊन बदलले, उभे राहण्याची जागा बदलली की चित्र बदलले. हिमालयाचा चित्रकार म्हणून गाजलेला निकोलस रोरिकही १९२८ पासून १९४७ साली निधन होईपर्यंत कुलू खोऱ्यातील नग्गर येथे राहिला.

माझे वाणिज्य शाखेचे मित्र विचारतील, एकच डोंगर किती वेळा विकणार? त्यांनी होकुसाईचा हिशेब पाहावा. या जपानी चित्रकाराने सत्तरीच्या सुमारास फुजी पर्वताची ३६ दृश्ये लाकडी ठशांनी छापण्यास घेतली. ती इतकी खपली की आणखी १० काढण्यात आली!

मित्रहो, हा प्रश्न केवळ कलेचा नाही. ज्या डोंगराकडे आपण कधी नीट पाहिलेच नाही, तो उद्या खडीसाठी फोडला गेला तर नेमके काय गेले हे आपल्याला सांगताही येणार नाही.

म्हणून माझे मत असे की शाळांनी चित्रकलेचा तास अधूनमधून वर्गाबाहेर न्यावा. आपल्या महाविद्यालयानेही वर्षातून एक दिवस येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या पायथ्याशी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. चित्र साधले नाही तरी बिघडत नाही. साधलेली चार चित्रे या अंकाच्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांत छापता येतील; त्यांना भाषांतराची गरज नाही.