त्याग स्वेच्छेचा आणि लादलेला

दरवर्षी ५ सप्टेंबरला शिक्षकांच्या वाट्याला पुष्पगुच्छ येतात आणि भाषणेही येतात. १९६२ पासून पाळल्या जाणाऱ्या या शिक्षकदिनी अध्यापन हे ‘पवित्र व्रत’ असल्याची आठवण आवर्जून करून दिली जाते. व्रत म्हटले की व्रतस्थाने काही मागावयाचे नसते, अशी सोयही त्या शब्दात आहे. यास्तव शिकविण्यातील आनंद म्हणजे नेमके काय आणि तो कशावर टिकतो, याचा विचार गौरवाची भाषा बाजूस ठेवून केला पाहिजे.

नववीतील एखादा विद्यार्थी एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश अशी करतो. त्यावर लाल शाईची फुली मारणे हे क्षणाचे काम. परंतु मुलाने अंशात अंश आणि छेदात छेद मिळविला आहे, म्हणजे या चुकीलाही एक तर्क आहे, हे जाणता शिक्षक ओळखतो. तो एवढेच विचारतो की, अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातल्यावर ती अर्ध्याहून कमी कशी झाली? मुलगा थबकतो आणि आपले उत्तर आपणच खोडतो. दुसऱ्याच्या मनात विचार उगवताना पाहण्याचे भाग्य फार थोड्या व्यवसायांत लाभते. तेरा ते सोळा या वयात मूल ‘कसे’ याबरोबरच ‘का’ असेही विचारू लागते. त्या प्रश्नाला उद्धटपणा मानावयाचे की जिज्ञासा, यावर त्याचे पुढचे आयुष्य पुष्कळसे अवलंबून असते. माध्यमिक शिक्षकाच्या कामाचे प्रयोजन आणि त्याचे समाधान, दोन्ही येथेच आहेत.

या समाधानापुढे ऐहिक लाभ गौण मानणाऱ्यांची परंपरा महाराष्ट्रात आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली आणि जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. टिळक आणि आगरकर यांनीही मोठ्या पगाराची वाट सोडून हीच वाट धरली. तथापि तो त्याग त्यांनी स्वतः निवडला होता. त्यांच्या नावाने इतरांवर लादलेल्या त्यागास मात्र त्याग म्हणता येत नाही. राज्यात २००० साली शिक्षणसेवक योजना आली आणि नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे मानधनावर जाऊ लागली. माध्यमिक शाळेत हे मानधन अनेक वर्षे दरमहा ८ हजार रुपये होते. जानेवारी २०२३ पासून ते १८ हजार झाले. विनाअनुदानित शाळांतील कित्येकांना तर तेवढ्याचीही शाश्वती नसते.

वेतनाइतकाच प्रश्न वेळेचा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक यांचा मात्र अपवाद ठेवला. अपवादाची ही कामे आणि संगणकावर भरावयाचे तक्ते यांतून उरलेल्या वेळात साठ वह्या तपासणाऱ्याने प्रत्येक चुकीमागील तर्क शोधावा, ही अपेक्षा न्याय्य नव्हे.

अर्थात पगार आणि सवड मिळाली की आनंद आपोआप येतो, असेही नाही. निबंध मार्गदर्शिकेतून उतरवून देणारा आणि दहावीच्या संभाव्य प्रश्नांपलीकडे न जाणारा शिक्षक पूर्ण वेतनातही कंटाळलेलाच राहील. मुलाचे मन वाचण्याची उत्सुकता शासन कोणत्याही आदेशाने देऊ शकत नाही. ती शिक्षकानेच जपावयाची असते. शासनाने आणि समाजाने एवढेच पाहावे की, ज्याच्यापाशी ती आहे त्याच्यावर ती गमावण्याची पाळी येऊ नये. शिक्षकाला पुष्पगुच्छ एक वेळ कमी मिळाले तरी चालेल. फळ्यासमोरचा वेळ मात्र त्याला पुरता मिळाला पाहिजे.