तेलाची बेरी

लोणी कढविल्यावर पातेल्याच्या तळाशीं उरणारी बेरी कोणी टाकून देत नाहीं. साखर घालून ती मुलांच्या हातावर ठेवितात. खनिज तेलाच्या कारखान्यांतहि अशी एक बेरी उरते, पण ती कोणाच्या हातावर ठेवण्याजोगी नसते. पेट्रोल, राकेल, डीझेल हीं निघून गेल्यावर जो काळा, चिकट गाळ राहतो, त्याविषयीं आज चार शब्द लिहितों.

या गाळाचे रेणु फार मोठे. त्यांस सुमारें ५०० अंश सेंटिग्रेड उष्णता दिली म्हणजे ते तुटतात. लहान तुकडे वाफ होऊन निघतात व त्यांपासून पेट्रोल, डीझेल मिळतें. उरलेला कर्ब कोळसा होऊन बसतो. अडचण सारी या कोळशाची. अमेरिकेंत मिशिगन सरोवराकाठीं व्हाइटिंग येथें बर्टन यांनीं १९१३ मध्यें दाबाखालीं रेणु तोडण्याची रीत चालू केली, तेव्हां दर खेपेनंतर भट्टी निववून आंतील कोळसा खरवडावा लागे. तेथेंच १९३० च्या सुमारास निघालेली युक्ति मोठी मार्मिक आहे. गाळ तापलेल्या नळ्यांतून इतक्या वेगानें न्यावयाचा कीं कोळसा धरण्यास तेथें अवधीच मिळूं नये. धरावयाचा तो पुढच्या उंच पिंपांत धरावा. पिंपें दोन, एक भरत असतां दुसरें रिकामें करावयाचें. आंतला दगडासारखा कोळसा पाण्याच्या झोतानें कापून काढितात, हें वाचून आम्हांस प्रथम खरें वाटेना.

हा कोळसा आपल्या स्वयंपाकघरास अगदींच परका नाहीं. त्यांतला शुद्ध असतो तो भाजून त्याचीं धनाग्रें करितात, व एक टन ॲल्युमिनियम काढण्यास असा सुमारें ४०० किलो कर्ब खर्ची पडतो.

गाळाचें सोनें झालें, असें म्हणतात तें मात्र आम्हांस अर्धेंच पटतें. जहाजांच्या तेलांतील गंधक १ जानेवारी २०२० पासून शेंकडा ३.५ वरून ०.५ वर आणला गेला. त्यामुळें गाळाचें जुनें गिऱ्हाईक चोखंदळ झालें व तो मोडण्याची निकड वाढली. पण मूळ तेलांतले धातु आणि बराचसा गंधक कोळशांतच दाटून बसतो. असा कोळसा स्वस्त, म्हणून तो भट्ट्यांत जळतो. दिल्लीशेजारच्या उत्तर प्रदेश, हरियाणा व राजस्थान या राज्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं तो जाळण्यास मनाई केली. त्याच वर्षीं डिसेंबरांत सिमेंटच्या कारखान्यांस सूट मिळाली; कारण त्यांच्या भट्टींतील चुना गंधक बराचसा धरून ठेवितो.