पैसे वसूल, पण कुणाकडून?

अमेरिकेत स्थिरावलेली चार मराठी माणसं एकत्र जमली, की गप्पांची गाडी घरांच्या किमती, मुलांची कॉलेजं अशी स्थानकं घेत घेत शेवटी विद्यार्थिदशेतल्या ओढगस्तीवर येऊन थांबते. आणि तिथे आली, की चायनीज बुफेचा विषय निघतोच. ‘सहा डॉलरात कितीही खा!’ मग कोण किती प्लेटा हाणायचा, कोण कागदी नॅपकिनात गुंडाळून काय काय पळवायचा, याचे किस्से सुरू होतात. शेवटी कुणीतरी तोंड वाकडं करून म्हणतं, ‘काय खायचो रे आपण ते! आता कुणी फुकट दिलं तरी नको.’ पुन्हा हशा. मीही त्यात वर्षानुवर्षं सामील होत आलो आहे. अलीकडे मात्र ते हसणं मला खटकू लागलं आहे.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं वर्णन करायला हवं. अमेरिकेतल्या लहानमोठ्या गावांत हमरस्त्याला लागून दुकानांच्या बैठ्या रांगा असतात. पुढे मोटारींसाठी मोकळी जागा, मागे ओळीने दुकानं. त्यात कुठेतरी हा बुफे असतो. दारात माशांची टाकी, गल्ल्यावर पंजा हलवणारी सोनेरी मांजर, टेबलावर चिनी राशिचक्र छापलेला कागद. मधोमध वाफेवर गरम राहणाऱ्या ट्रेंच्या लांबच लांब रांगा. फ्राइड राइस, लो मेन नूडल्स, तळून गोड पाकात घोळवलेलं चिकन तीन-चार वेगवेगळ्या नावांनी, ब्रोकोली घातलेलं बीफ, एग रोल. आणि ज्यांना यातलं काहीच नको त्यांच्यासाठी पिझ्झा आणि फ्रेंच फ्राइज. शेवटी जेली आणि आइस्क्रीमचं यंत्र. एकदा पैसे भरले, की किती वेळा उठायचं आणि किती वाढून घ्यायचं, हे विचारणारं कुणी नाही.

मी ऑगस्ट १९९३ मध्ये ओहायोतल्या एका विद्यापीठाच्या गावात आलो. तेव्हा डॉलरला एकतीस रुपये पडत आणि प्रत्येक गोष्टीला एकतीसने गुणायची खोड अजून गेलेली नव्हती. सहा डॉलर म्हणजे जवळजवळ एकशे नव्वद रुपये. एवढे पैसे एका जेवणावर घालवायचे, तर ते वसूल व्हायलाच हवेत. त्यासाठी आम्ही चौघांनी पद्धतशीर मोहीम आखली होती. शुक्रवारी रात्री जेवायचं नाही. शनिवारी दुपारचा दर संपायच्या दहा मिनिटं आधी आत शिरायचं, आणि रात्रीचे महाग ट्रे बाहेर येईपर्यंत सूप भुरकत बसायचं. भाताला हात लावायचा नाही, कारण भात घरीही होतो. कोळंबीवर तुटून पडायचं. आमच्यातल्या शाकाहारी मित्राची तेवढी पंचाईत. तो बिचारा फरसबी आणि अंडं वेचून काढलेला भात खात बसायचा आणि पैसे मात्र आमच्याइतकेच भरायचा. त्याच्या वाटणीचं आम्ही खातो, म्हणजे हिशेब बरोबर, असं आम्ही त्याला समजावत असू.

आपल्याकडे पंगतीत वाढपी ‘घ्या हो, एक जिलबी’ म्हणून आग्रह करतो आणि आपण पानावर आडवा हात धरतो. खाणावळीतही पोळ्या घेऊन फिरणारा पोऱ्या असतोच. किती खायचं हे ठरवताना समोर एक माणूस असतो. त्याची भीड असते, त्याचं कौतुकही असतं. बुफेत हा माणूसच नाहीसा होतो. उरतात ते तुम्ही आणि तुम्ही भरलेले पैसे. मग हावेला लगाम घालायला कुणीच नसतं.

खरी गंमत अशी, की आम्ही काहीही वसूल करत नव्हतो. ‘कितीही खा’ ही कल्पना गाजली ती लास व्हेगासमध्ये, १९४० च्या दशकात, एल रँचो व्हेगास या हॉटेलात. एका डॉलरात हवं तितकं खा, असा तो बेत होता. जुगाऱ्याने जेवायला म्हणून बाहेर जाऊ नये, खाऊन पुन्हा टेबलाशी बसावं, हा त्यामागचा हिशेब. लोकांना फुकट वाटणारी गोष्ट मालकाला फायद्याची कशी ठरते, हे तेव्हापासून ठरलेलं आहे. चायनीज बुफेत भात, नूडल्स आणि पिठात घोळवून तळलेले पदार्थ हारीने मांडलेले असतात; महाग पदार्थ थोडे आणि उशिरा येतात. शिवाय चार हावरट विद्यार्थ्यांमागे आठ म्हाताऱ्या जोडपी येतात, ती एका प्लेटीत आटोपतात. आमच्या कोळंबीचे पैसे ती भरत होती. आम्ही मालकावर मात केली, हा आमचा भ्रम होता.

पण हे सगळं धरूनही सहा डॉलर हा आकडा कमीच होता. बाकीची कसर कुठून निघत होती, हे माझ्या लक्षात यायला पुढची दहा वर्षं जावी लागली. आणि ते लक्षात आणून दिलं दोन लहान मुलींनी.

तोवर मी विद्यार्थी राहिलो नव्हतो. नोकरी होती, घर होतं, घराचे हप्ते होते. तरी महिन्यातून एकदा बुफेला जायची सवय सुटली नव्हती. माझी मुलगी सात वर्षांची होती. गल्ल्यामागे पाटी होती: पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना इतके डॉलर, त्यापुढे इतके. फरक दोन डॉलरचा. मी सरळ सांगितलं, ‘पाच.’ गल्ल्यावर मालकाची मुलगी बसली होती, अकरा-बारा वर्षांची. समोर गणिताची वही उघडी. एक गिऱ्हाईक झालं, की एक गणित, असं चाललेलं. तिने माझ्या मुलीकडे पाहून सहज विचारलं, ‘कितवीत आहेस?’ माझ्या मुलीने अभिमानाने सांगितलं, ‘दुसरीत.’ क्षणभर कुणीच बोललं नाही. मग त्या मुलीने मान खाली घातली आणि पाच वर्षांच्या मुलाचाच दर लावला. माझी अब्रू तिने राखली. टेबलाशी गेल्यावर माझ्या मुलीने विचारलं, ‘बाबा, तिला माझं वय चुकीचं का सांगितलंत?’ त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

त्या दिवशी मी जेवताना पहिल्यांदा आजूबाजूला पाहिलं. ट्रे भरणारा माणूस, उष्ट्या प्लेटांची चळत उचलणारी बाई, आतल्या दारातून दिसणारा मोठ्या कढईपुढचा आचारी. दहा वर्षांत यांपैकी कुणाशी मी एक वाक्य बोललेलो नव्हतो. मग वाचत गेलो.

अमेरिकेने १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना देशाचं दार बंद केलं. व्यापाऱ्यांना मात्र सवलत होती. १९१५ साली एका न्यायालयीन निकालाने उपाहारगृहाच्या मालकालाही व्यापारी म्हणून मान्यता मिळाली आणि नातलगांना आणण्याची एक अरुंद वाट उघडली. चिनी माणसं उपाहारगृहं काढत गेली ती जन्मजात बल्लवाचार्य होती म्हणून नव्हे, तर कायद्याने ठेवलेली ती एक फट होती म्हणून. तो कायदा १९४३ साली रद्द झाला. दार खऱ्या अर्थाने उघडलं ते १९६५ च्या कायद्याने.

तरीही सगळे दारातून आले नाहीत. ६ जून १९९३ ला, म्हणजे मी विमानातून उतरलो त्याच्या दोनच महिने आधी, ‘गोल्डन व्हेंचर’ नावाचं जहाज न्यूयॉर्कजवळ रॉकअवेच्या किनाऱ्यावर वाळूत रुतलं. त्यात २८६ माणसं होती, बहुतेक चीनच्या फुजियान प्रांतातली. थंड पाण्यात उड्या टाकून किनारा गाठताना त्यातली दहा दगावली. माणसं चोरून आणणाऱ्यांना प्रत्येकाने तीस हजार डॉलरच्या आसपास कबूल केलेले होते. अनेकांना तुरुंगात ठेवलं. त्यातले शेवटचे पन्नासेक जण १९९७ साली सुटले. तुरुंगात ते कागदाच्या घड्या घालून पक्षी आणि जहाजं करत. सुटल्यावर बरेच जण उपाहारगृहांच्याच कामाला लागले. न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये अशी कामं मिळवून देणाऱ्या एजन्सी आहेत. कुठल्या गावी काम आहे हे तिथे टेलिफोनच्या कोडवरून सांगतात. माणूस बसमध्ये बसतो आणि नावही उच्चारता न येणाऱ्या गावी पोहोचतो. राहायची सोय मालकाची, एका घरात आठ-दहा जण. कामाचे तास दिवसाला बारा, आठवड्याला सहा दिवस. सहा डॉलरची कसर निघत होती ती इथून.

आपण शिकून आलो, कागदपत्रं घेऊन आलो, तेव्हा आपलं त्यांचं काय, असं आपल्या मंडळींना वाटतं. पण ज्या देशाने चिन्यांना १८८२ मध्ये बाहेर ठेवलं, त्यानेच १९१७ मध्ये आपल्यालाही त्याच रांगेत उभं केलं. आपली बंदी उठली १९४६ साली, तीही वर्षाला शंभर माणसांपुरती. मी ज्या दारातून आत आलो, ते १९६५ चंच दार. फरक एवढाच, की माझ्या हातात आय-ट्वेंटीचा फॉर्म होता.

‘पण ते खरं चायनीज नव्हेच,’ असा आणखी एक आक्षेप असतो. नसेल! जनरल त्सोच्या नावाचं चिकन त्या सेनापतीने कधी खाल्लं नाही. तो १८८५ सालीच वारला. पेंग चांग-क्वेई या हुनानी आचाऱ्याने ते १९५० च्या दशकात तैवानमध्ये रचलं आणि अमेरिकेने त्यात साखर ओतली. गिऱ्हाइकाच्या जिभेपुढे आचाऱ्याने घातलेली ही पोटासाठीची तडजोड आहे. मंचुरियनवर ताव मारणाऱ्यांनी तरी याला नाक मुरडू नये. तो पदार्थ कलकत्त्यात वाढलेल्या नेल्सन वँग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईत जन्माला घातला असं सांगतात; मंचुरियाचा त्याच्याशी सुतराम संबंध नाही. आणि पुण्या-ठाण्याच्या चौकाचौकांत चायनीजच्या गाडीवर कढई हलवणारा पोरगा नेपाळहून किंवा ईशान्येकडून आलेला असतो, तेव्हा त्याच्या प्लेटीचा स्वस्त दरही याच गणितातून येतो.

मग काय, जायचंच नाही? मुळीच नाही. असं म्हणणं सोपं आहे, पण ते चूक आहे. २०२० च्या महामारीत असे कितीतरी बुफे बंद पडले आणि पुन्हा उघडलेच नाहीत. तेव्हा आचारी आणि वाढपी सुखी झाले नाहीत, बेकार झाले. गल्ल्यावर गणितं सोडवणाऱ्या कितीतरी मुलांची कॉलेजं याच ट्रेंमधून निघाली आहेत. आणि आजही, दर कितीतरी वाढले असले, तरी चार मुलांच्या कुटुंबाला, एकट्या म्हाताऱ्याला, परक्या देशातल्या विद्यार्थ्याला न मोजता पोटभर जेवता येईल अशा जागा फार नाहीत.

माझं म्हणणं एवढंच, की हिशेब करायचाच असेल तर पुरा करावा. बुफेत ‘आपलं आपणच तर वाढून घेतलं’ म्हणून टिप न ठेवता उठणारे आपल्यात पुष्कळ आहेत. टिप मिळणाऱ्या नोकराला मालकाने रोख द्यायची किमान मजुरी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात तासाला २.१३ डॉलर आहे आणि १९९१ पासून ती बदललेली नाही. काही राज्यांनी ती वाढवली, अनेकांनी नाही. तुमचं पाणी भरणारी, तुमच्या पाच उष्ट्या प्लेटा उचलणारी बाई टेबलावरच्या त्या दोन-चार डॉलरवर जगते. ते ठेवावेत. ताटात खाल तेवढंच घ्यावं. लहानपणी आईने धाक घालून शिकवलेलं पैसे भरले म्हणून विसरू नये. आणि मुलांची वयं खरी सांगावीत.

त्या मुलीने वाचवलेले माझे दोन डॉलर मी पुढच्या खेपेला टेबलावर ठेवले, पण ती फेड नव्हे. बुफेच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘कितीही खा’. त्या पाटीवर दोन शब्द लिहायचे राहिलेले असतात: ‘कुणाच्या जिवावर’. ते आपण मनातल्या मनात वाचावेत, आणि मग खुशाल पोटभर जेवावं.